८० लाखांचा फ्लॅट आणि त्यावरचे सव्वासात लाख

८० लाखांना ठरलेला फ्लॅट ८० लाखांत पदरात पडत नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट हिशेबासाठी घेऊ. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. त्यातले ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का मेट्रोचा अधिभार. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण ती ३० हजारांवर जात नाही, म्हणून ३० हजार. ६० लाखांचे कर्ज काढले तर बँकेकडे मूळ कागद ठेवल्याच्या दस्तावर साधारण ०.३ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १८ हजार. गृहनिर्माण संस्थेचे हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, शिवाय ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. दलाल असेल आणि १ टक्का ठरला असेल तर ८० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९४ हजार ४००. बेरीज ७ लाख २८ हजार. वकिलाची फी, दस्ताच्या पानांमागे लागणारे हाताळणी शुल्क आणि बँकेची प्रक्रिया फी अजून यात नाही.

ही सगळी रक्कम रोकड हवी, म्हणजे आपल्या खात्यात शिल्लक हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज मिळू शकते. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च धरले जात नाहीत. अगदी स्वस्त घरांपुरता त्याला अपवाद आहे. तेव्हा ६० लाख कर्ज घेणाऱ्या कुटुंबाला स्वतःचे २० लाख नव्हे, तर सव्वासत्तावीस लाखांहून जास्त उभे करावे लागतात. ही तयारी नसताना विसार दिला की पुढे नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो, किंवा महाग दराचे वैयक्तिक कर्ज घ्यावे लागते.

मुंबईत मुद्रांक शुल्काचा दर ६ टक्के आहे. ग्रामपंचायत हद्दीत तो पुण्यापेक्षा कमी पडतो. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतले तर राज्यभर १ टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ८० हजार वाचतात. सवलतीच्या घराची पंधरा वर्षे पुरुषाला विक्री करता येणार नाही, ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली गेली. मात्र पती-पत्नी दोघांची नावे घातली की सवलत गेली. पतीला कर्जात सहकर्जदार राहता येते, त्यासाठी तो मालक असावाच लागतो असे नाही. पण मालक नसेल तर व्याजावरची आयकर वजावट त्याला मागता येत नाही. दोघे कमावते असतील आणि जुन्या करपद्धतीत असतील, तर हा हिशेब आधी करावा आणि मगच नाव ठरवावे. कर थोडा जास्त गेला तरी घरावर पत्नीचे नाव असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर लागते की रेडी रेकनरवर, हा नेहमीचा प्रश्न. दोन्हींत जी रक्कम जास्त, तिच्यावर. रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते. ते संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. गाव किंवा पेठ, सर्व्हे नंबर किंवा विभाग निवडला की चौरस मीटरचा दर दिसतो. करारातली किंमत या मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल तर आयकर खाते तो फरक दोन्हीकडे मोजते: विकणाऱ्याच्या बाजूने विक्री किंमत म्हणून, घेणाऱ्याच्या बाजूने उत्पन्न म्हणून.

विसार देण्याआधी

वरच्या सगळ्या खर्चांत जो सर्वात आधी करायला हवा, तोच लोक टाळतात: वकिलाकडून टायटल तपासून घेण्याचा. वकिलाची फी कायद्याने ठरलेली नाही. शोध अहवाल, कराराचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी, या तीन कामांचा वेगवेगळा आकडा लेखी मागून घ्यावा. साडेपाच लाख मुद्रांक शुल्क भरणाऱ्याने इथे हात आखडणे मला पटत नाही. बँक कागद तपासतेच ना, असे अनेक जण म्हणतात. बँक तपासते ती आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेपुरती. तिचा वकील तुमचा वकील नव्हे, आणि त्याचा अहवाल तुम्हाला दाखवला जाईलच असेही नाही.

शोध अहवाल साधारण ३० वर्षांचा घेतात. नोंदणी विभागाच्या ई-शोध सेवेवर इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, घरबसल्या पाहता येतो. त्यात कोणी कोणाला, केव्हा, कितीला विकले ते दिसते. जमिनीसाठी सातबारा किंवा, सिटी सर्व्हे झाला असेल तिथे, मालमत्ता पत्रक. फ्लॅटसाठी बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, एकही कडी न तुटता. मधला एखादा करार हरवला असेल तर त्याची प्रमाणित प्रत नोंदणी कार्यालयातून मिळते. "हरवलाय, पण काही अडत नाही" या शब्दावर थांबू नये. हरवलेला कागद एखाद्या सावकाराकडे तारण पडलेला असू शकतो. म्हणूनच वकील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतात आणि साधारण १४ दिवस हरकतींची वाट पाहतात. या नोटिशीचा खर्च वाचवू नये.

पुण्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची आहे की महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालचे अपार्टमेंट आहे? संस्था असेल तर मालकाकडे शेअर सर्टिफिकेट असते. अपार्टमेंट असेल तर ते नसते. तिथे बिल्डरचे घोषणापत्र आणि प्रत्येक सदनिकेचे डीड ऑफ अपार्टमेंट पाहायचे. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात आणि जाहिरातीत दोन्हींना सोसायटीच म्हणतात.

भोगवटा प्रमाणपत्र मागाच. ते नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात हे खरे, पण कर्ज मिळण्यात अडचण येते आणि पुढे विकताना तुमच्याही ग्राहकाला हाच प्रश्न पडतो. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, तेही विचारा. झाले नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि पुनर्विकासाची वेळ आली की ते जाणवते. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे. तो अर्ज संस्थेने करायचा असतो.

पार्किंगबद्दल गैरसमज फार. "फ्लॅट ७७ लाख, पार्किंग ३ लाख" असे सांगितले जाते. स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले. ती वाटून देण्याचा अधिकार संस्थेचा. विक्रेत्याकडून संस्थेचे वाटपपत्र मागा, आणि संस्थेच्या सचिवांना लेखी विचारा की ती जागा नव्या सभासदाकडे राहणार का.

घर विकणारी व्यक्तीच खरी मालक आहे का, हा तपासणीचा गाभा. वडील वारले आणि नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव संस्थेत लागले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. नॉमिनीच्या नावावर सभासदत्व येते, पण बाकी वारसांचा हक्क उरतोच. बहिणींच्या सह्या हव्यातच. लग्न झाले, सासरी गेल्या, हे कारण कायद्यात चालत नाही. त्या पैसे न घेता हक्क सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. वारशाने आलेल्या घराचे असे जवळच्या वारसांमधले हक्कसोडपत्र अगदी अल्प मुद्रांकावर होते. त्यामुळे खर्चाचे कारण पुढे करून कोणी बहिणीची सही टाळत असेल, तर तिथेच थांबावे.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणारा मुलगा पुण्यातला फ्लॅट आईवडिलांमार्फत विकतो, तेव्हा कुलमुखत्यारपत्र येते. परदेशात केलेले ते पत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेले असावे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले असावे. पत्र देणारी व्यक्ती हयात आहे ना, तिने ते रद्द केले नाही ना, हे तिच्याशी प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर बोलून बघा. आणि केवळ कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर "घर तुमचे झाले" असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात ते साफ नाकारले आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

पैसे कोणत्या क्रमाने जावेत

विसारपावती साध्या कागदावर, "बाकीचे नंतर बघू" अशी कधीच करू नये. रक्कम किती, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, करार कोणत्या तारखेपर्यंत, टायटलमध्ये दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत, आणि बँकेने कर्ज नाकारले तर काय, हे पाच मुद्दे त्यात हवेत. शेवटचा मुद्दा सर्वात जास्त भांडणे लावतो. विक्रेता म्हणतो, तुमच्या कर्जाशी माझा संबंध नाही. ते एका अर्थी बरोबरच आहे, म्हणूनच ते आधी लिहून घ्यायचे.

त्यानंतर करारनामा किंवा साठेखत. ताबा देण्याचे ठरलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताएवढेच मुद्रांक शुल्क लागते; पुढे खरेदीखत करताना ते वळते करून मिळते, दुसऱ्यांदा भरावे लागत नाही. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. उशीर झाला तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड. दस्त सही केल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला हवा. शुल्क भरले आणि व्यवहारच फिसकटला, दस्तावर सह्याही झाल्या नाहीत, तर परताव्यासाठी सहा महिन्यांत अर्ज करता येतो. ही मुदत चुकवून पैसे गमावणारे लोक आहेत, म्हणून ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुद्रांकाचा खर्च कोणी करायचा, हे करारात लिहिले नसेल तर कायद्याने तो घेणाऱ्यावर येतो.

विक्रेत्याचे जुने कर्ज चालू असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण पैसा त्याच्या बचत खात्यात जाऊ देऊ नका. त्याच्या बँकेकडून शिल्लक कर्जाचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या कागदांची यादी घ्यावी. तुमची बँक तेवढ्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्या नावे देते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तुमच्या स्वतःच्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे मूळ कागद बँकेकडे ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, ३० दिवसांत दाखल करायची असते. ती बँक करील असे गृहीत धरू नका, विचारा.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. आपल्या उदाहरणात ८० हजार. हा वरचा खर्च नाही, किमतीतूनच कापायचा आहे: विक्रेत्याला ७९ लाख २० हजार, सरकारला ८० हजार. दोन भाऊ मिळून घेत असतील आणि प्रत्येकाचा वाटा ४० लाख असेल तरी कपात करायचीच, कारण ५० लाखांची मर्यादा एकूण किमतीला लागते. ज्या महिन्यात रक्कम कापली, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरली नाही तर व्याज आणि दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. विक्रेत्याचे पॅन आधारशी जोडलेले आहे का, हे आधी तपासा. नसेल तर कपातीचा दर २० टक्के होतो, आणि नोटीस विक्रेत्याला नव्हे, तुम्हाला येते. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्का हा नियमच लागत नाही. दीर्घकालीन नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून मोठी कपात करावी लागते. कमी कपातीचे प्रमाणपत्र त्याने आयकर खात्याकडून आणायचे. या व्यवहारात चार्टर्ड अकाउंटंटशिवाय पुढे जाऊ नका.

आणि रोखीचा विषय. "२० लाख रोख द्या, करार ६० चा करू", ही मागणी अजूनही होते. घर विकताना २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घेणाऱ्याचे नुकसान त्याहून खोल आहे. कर्ज ६० लाखांच्या किमतीवर बसते, व्यवहार मोडला तर रोख दिल्याचा पुरावा नसतो, आणि पुढे घर विकताना तुमची खरेदी किंमत ६० लाखच धरली जाऊन नफा, आणि त्यावरचा करही, फुगतो. मुद्रांक शुल्कात वाचलेले १ लाख ४० हजार यापुढे काहीच नाहीत. नाही म्हणावे आणि दुसरे घर पाहावे.

संस्थेची परवानगी

आदर्श उपविधींनुसार फ्लॅट विकायला संस्थेचे ना हरकत पत्र सक्तीचे नाही. विक्रेत्याने १५ दिवसांची आगाऊ सूचना द्यायची असते. बँका मात्र ते पत्र मागतात, म्हणून अर्ज करावाच लागतो. हस्तांतर शुल्काची २५ हजारांची कमाल मर्यादा शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महापालिका हद्दीसाठी घातली. नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत ती याहून कमी आहे. इमारत निधी, स्वेच्छा देणगी, विकास निधी अशा नावांनी लाखभर रुपये मागितले जातात. ते देणे बंधनकारक नाही. मागणी लेखी द्या म्हणावे. बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. नाही थांबली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे, वारसाला किंवा नॉमिनीला हस्तांतर होत असेल तर हे शुल्क लागत नाही. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. हस्तांतर शुल्क कोणी भरायचे यावर निम्मे-निम्मे अशी पद्धत आहे. करारात एक ओळ लिहिली की वाद उरत नाही. म्हाडा किंवा सिडकोच्या घराला मात्र त्या संस्थांची स्वतंत्र परवानगी आणि हस्तांतर शुल्क असते, आणि म्हाडाच्या सोडतीतल्या घराला ठरावीक वर्षे विक्रीबंदीही. ते आधी विचारा.

विकणाऱ्याचा हिशेब

विकणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच आकडा माहीत असतो: १२.५ टक्के. घर २४ महिन्यांहून जास्त काळ आपल्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर. पण त्या तारखेआधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असाही हिशेब करून कमी तो कर भरता येतो. फरक केवढा पडतो ते पाहा. २०१२-१३ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकला. नव्या पद्धतीने नफा ४० लाख, कर ५ लाख. जुन्या पद्धतीने निर्देशांक २०० वरून ३७६ झाला, म्हणून खरेदी किंमत ७५ लाख २० हजार धरली जाते, नफा उरतो ४ लाख ८० हजार, कर ९६ हजार. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा. चार लाखांचा हा फरक केवळ दोन्ही गणिते न मांडल्यामुळे हातचा जाऊ शकतो.

खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली यांच्या पावत्या सांभाळल्या असतील तर त्याही खरेदी किमतीत मिळवता येतात. नफा दुसऱ्या घरात घातला तर करमाफी मिळते: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले तर. घर मिळेपर्यंत पैसे साध्या बचत खात्यात पडून राहू देऊ नका. विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी ते भांडवली नफा खात्यात टाकावे लागतात. घर घ्यायचेच नसेल तर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम ठरावीक सरकारी रोख्यांत गुंतवता येते, पाच वर्षांसाठी.

खरेदीखताच्या तारखेपर्यंतचा मिळकतकर, देखभाल आणि वीजबिल विक्रेत्याने चुकते करायचे. मिळकतकराची थकबाकी माणसाच्या मागे जात नाही, घराला चिकटून राहते. म्हणून घेणाऱ्याने शेवटचा हप्ता रोखून धरावा आणि पावत्या हातात आल्यावर, ताबापावतीच्या वेळीच द्यावा. नोंदणीनंतर महापालिकेत मिळकतकरावर, महावितरणकडे वीजजोडणीवर आणि संस्थेत शेअर सर्टिफिकेटवर नाव लावून घेणे, ही तीन कामे त्याच महिन्यात उरका. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात आणि मुद्रांकाच्या दरातही शासन अधूनमधून बदल करते, तेव्हा सही करण्याच्या आठवड्यात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या हद्दीचा दर स्वतः पाहा.